फाउंडेशन मालिका: कुठून सुरू करावी, कुठे थांबावं आणि कुठलं पुस्तक कशात सरस

प्रश्न असा आहे: आयझॅक असिमोव्हची फाउंडेशन मालिका वाचायला घेतली, पण पहिल्याच खंडात तीस-चाळीस पानांनंतर ओळखीची माणसं गायब झाली आणि पुढच्या भागातही पुन्हा तेच झालं. मालिकेत सात पुस्तकं आहेत. ती कुठल्या क्रमाने वाचावीत? सातही सारख्याच तोलाची आहेत का? आणि मध्येच थांबलं तर चालेल का?

आधी थेट उत्तर देतो: प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. ‘फाउंडेशन’ (१९५१), ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२), ‘सेकंड फाउंडेशन’ (१९५३), मग २९ वर्षांनी आलेलं ‘फाउंडेशन्स एज’ (१९८२), ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६), आणि शेवटी काळात मागे जाणारी दोन, ‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ (१९८८) आणि ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ (१९९३). कथेतल्या काळानुसार ही शेवटची दोन सगळ्यांत आधी येतात. खुद्द असिमोव्हनेच ‘प्रिल्यूड’च्या सुरुवातीला काळानुसार यादी दिली असल्याने बरेच जण तिथूनच वाचायला घेतात, आणि घोटाळा तिथेच होतो. या मालिकेत प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाने घालून दिलेला नियम हातात घेतं आणि तो कुठे तुटतो ते दाखवतं. नियम मनात पक्का बसण्याआधीच तो तुटताना पाहिला तर त्यात काही थरार उरत नाही. शिवाय ‘प्रिल्यूड’च्या शेवटी जो उलगडा होतो, त्याचं वजन आधीची पुस्तकं आणि रोबोटच्या कादंबऱ्या वाचलेल्यालाच कळतं. बाकीच्यांना तो एक नवखा तपशील वाटतो.

आता पहिल्या खंडाबद्दल, कारण बहुतेक वाचक तिथेच गळतात. ती मुळात कादंबरी नाही. १ ऑगस्ट १९४१ रोजी ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला जाताना असिमोव्हच्या डोक्यात आकाशगंगेभर पसरलेल्या साम्राज्याच्या ऱ्हासाची कल्पना आली. त्यामागे इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास होता. कॅम्पबेलनी एका कथेवर न थांबता मालिकाच लिहायला सांगितली. मे १९४२ ते जानेवारी १९५० या काळात आठ कथा मासिकात आल्या. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा सुरुवातीला ‘द सायकोहिस्टोरियन्स’ हा एक नवा भाग लिहून जोडला गेला. अशा नऊ तुकड्यांची त्रयी झाली: पहिल्या खंडात पाच, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात दोन. तेव्हा पहिला खंड दिवाळी अंकातल्या पाच दीर्घकथांसारखा वाचा. एका बैठकीला एक भाग, मग पुस्तक मिटून ठेवायचं. माणसं बदलली म्हणून हिरमुसू नका. नायक तुमच्या हातून सुटलेला नाही, कारण तिथे नायकच नाही. तिथे आहे एक आराखडा, आणि प्रत्येक पिढीत त्याच्या वाट्याला आलेली अडचण.

तो आराखडा असा. साम्राज्य १२,००० वर्षं जुनं आहे, आकाशगंगेत माणसाची वस्ती असलेली अडीच कोटी जगं आहेत. हॅरी सेल्डन नावाच्या गणितज्ञाने प्रचंड लोकसमूहांच्या वागण्याचं गणित मांडलंय, त्याचं नाव सायकोहिस्टरी. त्याच्या हिशेबाने साम्राज्य कोसळणार आणि मागे ३०,००० वर्षांचं अंधारयुग राहणार. कोसळणं टळणार नाही, पण अंधार १,००० वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या काठावर, टर्मिनस नावाच्या खनिजं जवळजवळ नसलेल्या ग्रहावर तो शास्त्रज्ञांची वसाहत उभी करतो, तिचंच नाव फाउंडेशन. ज्ञानकोश तयार करणं हे तिचं उघड काम. या गणिताच्या दोन अटी पहिल्यापासून लक्षात ठेवा: लोकसंख्या अफाट मोठी हवी, आणि त्या लोकांना भाकीत माहीत नसायला हवं. पुढची सहाही पुस्तकं या दोन अटींनाच वेगवेगळ्या बाजूंनी धक्के देत राहतात. तिसरी एक अट कुणी न बोलता गृहीत धरलेली असते. ती कुठली, हे ‘फाउंडेशन अँड अर्थ’च्या अगदी अखेरीस कळतं.

वाचताना खुणेच्या कागदावर सन लिहीत चला, त्याने गोंधळ जवळजवळ संपतो. फाउंडेशन शक (म्हणजे फाउंडेशनच्या स्थापनेपासून मोजलेली वर्षं) ५० आणि ८० म्हणजे टर्मिनसचा नगराध्यक्ष सॅल्व्हर हार्डिनचे दोन भाग, दीडशेच्या आसपास होबर मॅलो, दोनशेच्या सुमारास सेनापती बेल रिओस, तीनशेच्या सुमारास म्यूल, ३७६ मध्ये आर्केडी, ४९८ मध्ये गोलन ट्रेव्हाइझ. प्रत्येक सनासमोर फक्त तीन गोष्टी टिपा: धोका कुणाकडून, हातात साधन कुठलं, आणि आपल्याच घरातून विरोध कुणाचा. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ५० साली हार्डिन कोशकारांच्या जुनाट मंडळाविरुद्ध उभा राहतो. तो विज्ञानाला धर्माचं रूप देऊन शेजारची राज्यं काबूत आणतो. मॅलोच्या काळापर्यंत हेच साधन बोथट झालेलं असतं, आणि त्याला चिकटून बसलेले लोकच मॅलोच्या वाटेत आडवे येतात. मॅलो व्यापाराने बाजी मारतो. आणखी दीडशे वर्षांनी टर्मिनसचं नगराध्यक्षपद वंशपरंपरेने तिसऱ्या इंडबरकडे आलेलं असतं आणि स्वतंत्र व्यापारी त्याच्याविरुद्ध धुमसत असतात. कालचं उत्तर आजची अडचण होतं, हा धागा पकडला की माणसं बदलण्याचा त्रास वाटत नाही, उलट तोच बदल वाचण्यासारखा वाटू लागतो.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण मालिकेची पद्धत त्यात पूर्ण दिसते. पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात शेजारचं ॲनाक्रिऑन टर्मिनस गिळायला टपलेलं आहे, आणि साम्राज्याकडून लॉर्ड डॉर्विन नावाचे बडे प्रस्थ येतात. तपकीर ओढत, ‘र’ गिळत पाच दिवस गोड बोलतात. स्वतःला पुरातत्त्वाचे जाणकार समजतात, पण मानवाचं मूळ शोधायला प्रत्यक्ष उत्खननाला जायची गरज त्यांना वाटत नाही. जुन्या पंडितांचे ग्रंथ समोर ठेवायचे आणि कोण बरोबर ते तोलायचं, हीच त्यांची संशोधनाची व्याख्या. कोशकार मंडळ खूश होतं, साम्राज्य आपल्या पाठीशी आहे म्हणून. हार्डिन मात्र ते सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करून तर्कशास्त्राच्या चिन्हांत उतरवून घेतो. निरर्थक शब्द, गुळमुळीत विधानं आणि एकमेकांना छेद देणाऱ्या अटी वजा केल्यावर बाकी उरते शून्य. पाच दिवसांत त्या गृहस्थांनी एकही आश्वासन दिलेलं नसतं. इथे एकही गोळी सुटत नाही, तरी साम्राज्य संपल्याची खात्री वाचकाला होते. हे नीट वाचलंत की डॉर्विनचा आळस हा केवळ एका माणसाचा स्वभाव म्हणून लिहिलेला नाही हेही दिसतं. नवं काही न शोधता जुनंच चाळत बसणं हे ऱ्हासाचं लक्षण आहे आणि ज्ञानकोशाचं मंडळही त्याच आजाराने ग्रासलंय, हे लेखक एकाच दृश्यात सांगून जातो.

याच प्रसंगावरून तुम्हाला ही मालिका मानवेल की नाही तेही ठरवता येईल. बंद खोलीत बसून दोन हुशार माणसांनी केलेला वाद ज्यांना कंटाळवाणा वाटतो, त्यांना त्रयी जड जाईल. १९८१ च्या सुमारास पुढचा भाग लिहायला घेण्यापूर्वी असिमोव्हने स्वतःची त्रयी पुन्हा वाचली, तेव्हा काहीतरी घडेल म्हणून तो वाट पाहत राहिला आणि सगळं संवादातच चाललंय हे त्याच्याही लक्षात आलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. लढाया पडद्यामागे होतात, पानावर येतो तो त्यांचा अर्थ. २०२१ पासून ॲपल टीव्ही प्लसवर आलेली मालिका पाहून पुस्तकाकडे वळणाऱ्यांना धक्का बसतो तो यामुळेच. एकाच सम्राटाच्या क्लोनची गादी पुस्तकांत कुठेच नाही, आणि मालिकेत स्त्रिया म्हणून दाखवलेले हार्डिन आणि गाल डॉर्निक पुस्तकात पुरुष आहेत. पहिल्या खंडात तर बोलणारी स्त्री शोधावीच लागते. कोरेलच्या राज्यकर्त्याची पत्नी काय ती लक्षात राहते. ही उणीव खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या खंडात बेटा नावाची स्त्री येते आणि चित्र पालटतं.

‘फाउंडेशन अँड एम्पायर’चा पहिला भाग, सेनापती बेल रिओसचा, पुष्कळांना फिका वाटतो. तो घाईने वाचू नका. त्याच्यामागे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस उभा आहे, आणि प्रश्न असा आहे: कर्तबगार सेनापती आणि जिवंत साम्राज्य एकत्र आले तर सेल्डनचा आराखडा टिकेल का? उत्तर अतिशय नेटकं आहे. त्या नेटकेपणामुळेच वाचक निर्धास्त होतो, आराखडा काहीही झालं तरी जिंकणारच असं धरून चालतो, आणि नेमका तेव्हाच म्यूल येतो.

‘द म्यूल’ हा माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे, आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही. सायकोहिस्टरी समूहाचं भाकीत करते. एकाच माणसात असं काही सामर्थ्य जन्माला आलं की जे समूहाच्या गणितात कधी धरलंच नव्हतं, तर? हा प्रश्न कॅम्पबेलने लावून धरला होता, आणि असिमोव्हने त्याचं उत्तर रहस्यकथेच्या बांधणीत दिलं. सगळे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेले आहेत, काहीही लपवलेलं नाही. म्हणून एक विनंती: टर्मिनसच्या कालघरात (सेल्डनने आधीच मुद्रित करून ठेवलेले संदेश ठरल्या वेळी उमटतात ती खोली) सेल्डनची प्रतिमा बोलणार म्हणून सगळे जमतात, त्या प्रसंगाच्या आधी पुस्तक मिटा आणि तो काय बोलेल याचा अंदाज कागदावर लिहा. मग पुढे वाचा. आणि हा भाग संपेपर्यंत ‘सेकंड फाउंडेशन’चं मलपृष्ठ वाचू नका. म्यूलबद्दलचं रहस्य तिथे पहिल्याच ओळीत फुटू शकतं. प्रस्तावनांनाही तेच लागू, त्या शेवटी वाचायच्या.

‘सेकंड फाउंडेशन’ची जात वेगळी आहे. सेल्डनने आणखी एक, दुसरं फाउंडेशनही उभं केलेलं असतं. पहिल्या खंडात तो त्याच्या जागेबद्दल जेमतेम एवढंच सांगतो की ती आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्या वाक्याखाली तेव्हाच पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. तिसऱ्या खंडातली माणसं या एका वाक्याचे एकामागून एक अर्थ लावतात, प्रत्येक अर्थ पटतो आणि पुढच्याने खोटा पडतो. १४ वर्षांची आर्केडी डॅरेल या खंडात जीव ओतते. बोललेलं सुबक अक्षरात उतरवणाऱ्या यंत्रावर ती शाळेचा निबंध सांगत असते, त्या पानांत मागच्या पावणेचारशे वर्षांची उजळणीही होऊन जाते. शेवटाकडे मात्र एकावर एक इतके उलगडे रचलेत की खरा कुठला हे चुकायची भीती असते. अखेरची दोन प्रकरणं लागोपाठ दोनदा वाचावीत. उत्तर शब्दाच्या अर्थात आहे, आणि ते कळल्यावर रेघ मारलेलं वाक्य पुन्हा उघडून पाहावं.

इथे थांबलात तर चालेल का? चालेल. त्रयी आपल्यापुरती पूर्ण आहे, आणि १९६६ मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ मालिकेचा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला तो तेवढ्याच तीन खंडांना. पुढची चार पुस्तकं वेगळ्या लेखकाने लिहिल्यासारखी आहेत म्हटलं तरी चालेल: वय वाढलेला, वाचकांनी आणि प्रकाशकांनी मागे लागून परत आणलेला, आणि आता आपल्याच कल्पनेवर शंका घेणारा असिमोव्ह.

‘फाउंडेशन्स एज’ जवळपास १,४०,००० शब्दांचं आहे, म्हणजे त्रयीतल्या एकेका खंडाच्या साधारण दुप्पट. एकच गोष्ट, दोन समांतर प्रवाह: टर्मिनसचा हकालपट्टी झालेला नगरसेवक ट्रेव्हाइझ आणि साम्राज्याची जुनी राजधानी असलेल्या ट्रँटर ग्रहावरचा, ‘वक्ता’ या हुद्द्याचा गेंडिबल. इथे प्रथमच संगणक कथेच्या मध्यभागी येतो. ट्रेव्हाइझ दोन्ही हात ठेवून मनाने यान चालवतो. त्रयीत मायक्रोफिल्म आणि अणुशक्तीवर चालणारी घरगुती उपकरणं होती, पण संगणक नव्हता. कारण उघड आहे, ती १९४० च्या दशकातली लेखणी आहे. या पुस्तकाचा खरा प्रश्न फार मोलाचा आहे: आराखडा इतका अचूक कसा चालतोय? पाचशे वर्षांत एकदा म्यूलने उधळलेली घडी पुन्हा तंतोतंत बसली, हे संशयास्पद नाही का? त्रयी मनापासून वाचलेल्या वाचकाच्या मनात हाच प्रश्न आलेला असतो. १९८३ चा ह्यूगो या कादंबरीला मिळाला तो मला रास्त वाटतो.

त्यानंतर लगेच ‘फाउंडेशन अँड अर्थ’ उचलू नका, ही चूक सर्रास होते. त्यात ट्रेव्हाइझ हरवलेली पृथ्वी शोधायला निघतो आणि ऑरोरा, सोलारिया अशा जगांवर उतरतो. रोबोटच्या कादंबऱ्या न वाचलेल्याला ही फक्त विचित्र ग्रहांची यादी वाटते. म्हणून मध्ये चार पुस्तकं घ्या: ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ (१९५४), ‘द नेकेड सन’ (१९५७), ‘द रोबोट्स ऑफ डॉन’ (१९८३), ‘रोबोट्स अँड एम्पायर’ (१९८५). सोलारियाची ओळख दुसऱ्यात होते, ऑरोराची तिसऱ्यात, आणि पृथ्वीचं काय झालं ते चौथ्यात कळतं. इतका वेळ नसेल तर तिसरं गाळा, पण चौथं गाळू नका. ज्या नियमावर शेवटच्या तिन्ही फाउंडेशन कादंबऱ्या उभ्या आहेत तो तिथे घडतो. साम्राज्याच्या उदयाच्या काळातल्या ‘पेबल इन द स्काय’सारख्या तीन जुन्या कादंबऱ्या मात्र या वाचनासाठी आवश्यक नाहीत.

एवढं करूनही ‘फाउंडेशन अँड अर्थ’ मला सातांत सर्वांत कमकुवत वाटतं. ग्रहावर उतरा, संकटात सापडा, निसटा, या साच्याची पुनरावृत्ती होते, आणि ट्रेव्हाइझ व त्याची सहप्रवासी ब्लिस यांची व्यक्ती मोठी की समष्टी ही वादावादी पहिल्या शंभर पानांनंतर पुढे सरकत नाही. पण सोलारियाचा भाग विलक्षण आहे. एकमेकांचा सहवास सहन न होणारी माणसं हजारो वर्षांनी कुठे जाऊन पोहोचली, हे असिमोव्हने भयंकर तर्कशुद्धपणे लिहिलंय. फक्त त्या भागासाठी पुस्तक वाचावं.

‘प्रिल्यूड’मध्ये ३२ वर्षांचा सेल्डन ट्रँटरवरच्या परिषदेत निबंध वाचतो, आणि सायकोहिस्टरी तत्त्वतः शक्य असली तरी वापरात आणता येणार नाही असं मानतो. सगळे त्याच्या मागे लागतात आणि तो पळत सुटतो. गंमत पाठलागात नाही, ट्रँटरमध्ये आहे. त्रयीत चार हजार कोटींहून अधिक लोकवस्तीचा हा ग्रह एक धातूचं कवच होता. इथे तो ८०० विभागांचा होतो. डोक्यावर एकही केस न ठेवणारे मायकोजेनचे लोक, डाहलच्या उष्णताविहिरींवर राबणारे कामगार, प्रत्येकाची चालरीत वेगळी. सेल्डनला अखेर जे सुचतं ते या भटकंतीतूनच: अडीच कोटी जगांचं गणित मांडता येत नसेल, तर एवढी विविधता पोटात घेतलेल्या एकाच जगाचं मांडावं.

‘फॉरवर्ड’ हे असिमोव्हने लिहिलेलं मालिकेतलं शेवटचं पुस्तक. एप्रिल १९९२ मध्ये तो गेला, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. चार भाग, मध्ये दहा-दहा वर्षांचं अंतर, आणि प्रत्येक भाग सेल्डनकडून एकेक माणूस हिरावून घेतो. रचनेत ते विस्कळीत आहे, काही कटकारस्थानं तकलादू आहेत, तरीही मन हेलावून टाकण्यात बाकीची सहा याच्या जवळपास येत नाहीत. त्रयीत सेल्डन ही केवळ एक आवाज असलेली प्रतिमा होती. आता तिथे थकलेला, एकटा पडत चाललेला माणूस दिसतो. म्हणून हे पुस्तक शेवटीच वाचायचं. कालघरातली ती शांत प्रतिमा आधी पाहिलेली असेल तरच तिच्यामागची किंमत कळते.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘द १,००० इयर प्लॅन’ नावाची आवृत्ती दिसली तर ती घेऊ नका. तो पहिल्याच खंडाचा १९५५ सालचा कापलेला अवतार आहे. आणि बेनफर्ड, बेअर, ब्रिन या तिघांनी १९९७ ते १९९९ मध्ये लिहिलेली नवी त्रयी ही असिमोव्हची नाही. सातही पुस्तकं पचल्यावर कुतूहल म्हणून ती वाचावी.

पाचशे वर्षांवर कथा थांबते, हजारापर्यंत पोहोचत नाही, अशी तक्रार नेहमी होते आणि ती खरी आहे. पण पहिल्या खंडातले भाग ज्ञानकोशातल्या उताऱ्यांनी उघडतात, त्यांच्याखालची तळटीप फारसं कुणी वाचत नाही. तिथे लिहिलंय की हे उतारे ११६ व्या आवृत्तीतून घेतले आहेत, प्रकाशन टर्मिनस, फाउंडेशन शक १०२०.